खुलासा: एसटीचं स्मार्ट कार्ड तुमच्यावर पाळत ठेवत नाही

जळगाव-धुळ्याकडे एक गोष्ट बरीच वर्षं फिरतेय: स्मार्ट कार्ड खिशात असलं की माणूस कुठे आहे ते सरकारला सतत कळतं. या भीतीपायी कुणा आजी-आजोबांनी सवलतीचं कार्डच काढू नये, याचं फार वाईट वाटतं.

कार्डात ना बॅटरी असते, ना जीपीएस. आत असते नखाएवढी चिप आणि तिला जोडलेले बारीक तारेचे वेढे. कंडक्टरचं मशीन काही सेंटिमीटरवर आलं की त्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळे त्या तारेत वीज तयार होते, चिप जागी होते आणि हवी तेवढी माहिती देते. मशीन बाजूला गेलं की चिप बंद. चोपड्याहून अमळनेरला उतरून तुम्ही पुढे कुणाकडे गेलात, याचा कार्डाला पत्ताही नसतो. तो मोबाइलला असू शकतो!

मात्र कार्ड टेकवलं की त्या व्यवहाराची नोंद होते, हे खरंच आहे. सवलतीच्या कार्डाला नाव आणि आधार जोडलेलं असतं, त्यामुळे ती नोंद तुमच्या नावावर जाते. ती कोण पाहतं, किती काळ ठेवतं, हे आपण जरूर विचारावं. नाव द्यायचं नसेल त्यांच्यासाठी, 2024 मध्ये रिझर्व्ह बँकेने केवायसीशिवाय 3000 रुपयांपर्यंतची प्रवास कार्डं देण्याची मुभा बँकांना दिली आहे. पण त्यावर ज्येष्ठांची सवलत मिळेल असं समजू नका.

खरा धोका आधारच्या झेरॉक्सचा. कार्ड काढून देतो म्हणणाऱ्या कुणालाही ती देऊ नका. द्यावीच लागली, तर तिच्यावर कारण आणि तारीख लिहा.