आमच्या चॉकलेटमधील कोको आणि बालमजुरी : ग्राहकांसाठी माहिती

आमच्या काळ्या चॉकलेटच्या वेष्टनावर ‘कोको : इडुक्की, केरळ’ असे छापलेले असते, तर मिल्क चॉकलेटच्या वेष्टनावर ‘यातील कोको बटर आयात केलेले, शेत ठाऊक नाही’ असे असते. ही दुसरी ओळ वाचून अनेक ग्राहक विचारणा करतात, म्हणून हे पत्रक सोबत देत आहोत.

जगातील निम्म्याहून अधिक कोको पश्चिम आफ्रिकेतील आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांत पिकतो. शिकागो विद्यापीठातील ‘नॉर्क’ या संशोधन संस्थेच्या २०२०च्या अहवालानुसार २०१८-१९च्या हंगामात तेथील कोकोच्या शेतांवर सुमारे १५ लाख ६० हजार मुले बालमजुरी करत होती आणि त्यांतील बहुतेकांच्या वाट्याला धोक्याचे काम आले होते. कोकोचे फळ थेट खोडाला लगडते. ते कोयत्याने उतरवतात, मग एका हातात धरून दुसऱ्या हाताने घाव घालून फोडतात आणि पांढऱ्या गरातल्या तीस-चाळीस बिया काढतात. घाव चुकला की तो फळ धरलेल्या बोटांवर बसतो. ओल्या बियांची ओझी आणि कीटकनाशकांची फवारणी वेगळीच.

यांतील काही मुले बुर्किना फासो आणि माली येथून फसवून आणलेली असतात. परंतु बहुसंख्य मुले आपल्याच घरच्या शेतावर राबतात, आणि ही बाब बातम्यांत सहसा मागे पडते. शेत काही हेक्टरांचे, झाडे जुनी आणि हाती पडणारा भाव इतका तुटपुंजा, की मजूर लावणे परवडत नाही. त्यामुळे बाप मुलाच्या हाती कोयता देतो. दोन्ही देशांनी २०२०-२१च्या हंगामापासून खरेदीदारांवर टनामागे ४०० डॉलरची जादा आकारणी बसवली ती शेतकऱ्याचे उत्पन्न वाढावे म्हणूनच, आणि आमच्या मते तपासणीपेक्षा हाच मार्ग मुळाला हात घालणारा आहे. वचने पुष्कळ झाली. टॉम हार्किन आणि एलियट एंगल या अमेरिकी लोकप्रतिनिधींच्या पुढाकाराने २००१ साली मोठ्या चॉकलेट उद्योगाने करार केला, त्यातील २००५ची मुदत टळली, आणि सर्वांत वाईट स्वरूपाची बालमजुरी २०२०पर्यंत ७० टक्क्यांनी घटवण्याचे पुढचे उद्दिष्टही हुकले.

वेष्टनावरील ‘प्रमाणित’ शिक्क्याबाबतही थोडी सावधगिरी बाळगावी. काही योजनांत प्रमाणित आणि अप्रमाणित कोको एकत्र मिसळण्यास मुभा असते व केवळ वजनाचा हिशेब जुळवला जातो. म्हणजे शिक्का खरा असूनही तुमच्या हातातील वडीतला कोको दुसऱ्याच शेतातला असू शकतो.

इडुक्कीतील बागायतदारांकडून आम्ही बिया थेट घेतो आणि हंगामात तेथे जाऊन येतो. फळे फोडण्याचे काम आम्ही मोठ्या माणसांनाच करताना पाहिले आहे. शाळेतून आलेल्या मुलाने अंगणात वाळत घातलेल्या बिया कधी हलवल्याच नसतील, असा दावा मात्र आम्ही करणार नाही. शाळेच्या वेळेबाहेर घरच्या, धोक्याच्या नसलेल्या कामात मदत करण्यास आपला कायदाही मुभा देतो.

कोको बटर मात्र व्यापाऱ्याकडून येते आणि त्याच्या बिलावर फक्त देशाचे नाव असते. तो गावाचे किंवा सहकारी संस्थेचे नाव देईपर्यंत ती दुसरी ओळ वेष्टनावर राहील. ज्यांना ती खटकते, त्यांनी न उघडलेले मिल्क चॉकलेट परत आणल्यास त्याच किमतीचे काळे चॉकलेट बदलून दिले जाईल.