आधी रक्ताची साक्ष, मग गाठीचा शोध

पहाटे घरातले माणूस हाक मारूनही उठत नाही, अंग घामाने चिंब असते, बोलणे असंबद्ध असते. कोणीतरी साखरपाणी पाजते आणि थोड्याच वेळात ते भानावर येते. असे वारंवार घडूनही काही रुग्णांवर वर्षानुवर्षे आकडीचे किंवा मनोविकाराचे उपचार चालू राहतात, कारण ऐन त्या क्षणी रक्तातली साखर कोणी मोजलेलीच नसते. स्वादुपिंडातील इन्सुलिन स्रवणारी गाठ, म्हणजेच इन्सुलिनोमा, वर्षाला दहा लाखांत एक ते चार जणांनाच होते. पण अशा दहांपैकी सुमारे नऊ गाठी कर्करोगाच्या नसतात आणि शस्त्रक्रियेने बऱ्या होतात, म्हणूनच निदान हुकल्याची हळहळ अधिक वाटते.

साखर उतरू लागली की स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या निरोगी पेशी, म्हणजे बीटा पेशी, इन्सुलिनचा हात आखडता घेतात. गाठीतील पेशी मात्र स्रवतच राहतात. म्हणून रुग्णाला रुग्णालयात दाखल करून, जास्तीत जास्त ७२ तास, केवळ पाण्यावर ठेवतात. (घरी हा प्रयोग कदापि करू नये.) त्रास सुरू होऊन साखर डेसिलिटरमागे ५५ मिलिग्रॅमच्या खाली गेली, की ग्लुकोज देण्याआधी रक्ताचा नमुना घेतात, कारण सारा पुरावा त्या एका नळीत असतो. शरीर स्वतः इन्सुलिन बनवते तेव्हा त्याच्या जोडीने सी-पेप्टाइड हा प्रथिनाचा छोटा तुकडाही रक्तात उतरतो. बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनसोबत तो नसतो. मधुमेहाच्या काही गोळ्यांनी मात्र दोन्ही वाढतात, त्यामुळे रक्तात त्यांचाही अंश तपासावा लागतो.

साखर उतरूनही शरीर स्वतःच इन्सुलिन स्रवते आहे, एवढे सिद्ध झाल्यावरच गाठ शोधावी, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. ती बहुधा दोन सेंटिमीटरपेक्षा लहान असते. सीटी स्कॅन किंवा एमआरआयमध्ये न दिसल्यास जठरात दुर्बीण उतरवून केलेली सोनोग्राफी कामी येते.

१९२९ मध्ये कॅनडातील टोरांटोत शल्यचिकित्सक रॉस्को ग्रॅहम यांनी अशी गाठ काढून रुग्ण बरा केला. आठच वर्षांपूर्वी त्याच शहरात इन्सुलिनचा शोध लागला होता. आज लहान गाठ दुर्बिणीतूनही अलगद सोलून काढता येते. ती मुख्य नलिकेला चिकटलेली असेल, तर स्वादुपिंडाचा तेवढा भाग काढावा लागतो. शस्त्रक्रिया होईपर्यंत किंवा ती शक्य नसल्यास डायझॉक्साइड हे औषध इन्सुलिनचा स्राव रोखते. गाठ निघाल्यावर काही रुग्णांची साखर थोडे दिवस उलट चढीच राहते, कारण दीर्घकाळ दबलेल्या निरोगी बीटा पेशी पूर्ववत कामाला लागायला वेळ घेतात.