अ‍ॅमस्टरडॅमला कालव्यावरच्या जुन्या घरात राहायला जाताय? बुकिंगआधी हे वाचून घ्या

फोटो बघून सगळे पहिलं विचारतात ते भाडं आणि दुसरं ब्रेकफास्ट, पण आधी विचारायला हवं ते म्हणजे जिना कसा आहे आणि आपली खोली कितव्या मजल्यावर आहे.

हेरेनग्राख्त, कायझरसग्राख्त, प्रिन्सेनग्राख्त या कालव्यांवरची बरीचशी घरं सतराव्या शतकातल्या व्यापाऱ्यांची, त्यातल्या काहींत आता हॉटेलं आहेत. पाण्याकाठची जागा महाग, म्हणून प्लॉट अरुंद आणि आत लांबच लांब, मग जिन्याला जागा उरणार किती? पायरीवर अख्खं पाऊल मावत नाही, चढताना एका हाताने कठडा धरावाच लागतो आणि उतरताना तिथले लोकही आडवे पाय टाकत उतरतात. हा भाग 2010 पासून युनेस्कोच्या यादीत आहे आणि घरं बहुतेक संरक्षित, त्यामुळे मालकाच्या मनात आलं तरी परवानगीशिवाय भिंत फोडून लिफ्ट घालता येत नाही. काही ठिकाणी लिफ्ट आहे, पण ती पार वरपर्यंत जाईलच असं नाही, ते तुमचं बुकिंग करताना आम्ही हॉटेलला मेल टाकून विचारतो. गुडघ्याचं दुखणं असेल तर संकोच न करता सांगा, खालची खोली मागून घेऊ. फक्त अगदी खालची खोली कधीकधी अर्धी रस्त्याखाली असते, उजेड कमी, खिडकीतून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे बूट दिसतात. आमचं मत विचाराल तर पहिला मजला सगळ्यात बरा.

घराच्या माथ्यावर बाहेर आलेला एक लाकडी वासा आणि त्याला हुक दिसेल. जिन्यातून माल जायचा नाही म्हणून दोर लावून बाहेरूनच वर ओढायचे, आणि मालाची धडक भिंतीला बसू नये म्हणून घरं मुद्दाम थोडी पुढे झुकवून बांधलेली. आजही सोफा-कपाट असंच खिडकीतून चढवतात. तुमची बॅग मात्र तुम्हालाच उचलायचीय! तेव्हा माणशी एक केबिन बॅग आणि एक सॅक, तेवीस किलोचं धूड घेऊन जाऊ नका, तीन रात्रींना लागतं काय?

बाजूला कललेली घरं दिसली तर ते मुद्दाम नाही, तो पायाचा प्रॉब्लेम. जमीन दलदलीची, म्हणून सगळं जुनं शहर लाकडी खांबांवर उभं, डाम चौकातल्या राजवाड्याखाली तर 13,659 खांब आहेत. लाकूड पाण्याखाली असेपर्यंत टिकतं, पाण्याची पातळी खाली गेली की हवा लागून कुजायला लागतं आणि घर एका अंगाला बसतं. खोलीत पेन खाली पडून घरंगळत कोपऱ्यात गेलं तर रिसेप्शनला तक्रार करू नका, घर तसंच आहे.

कालव्याकडची खोली की मागची? पुढे व्ह्यू, पण बोटी, सायकलच्या घंट्या आणि वेस्टरकेर्कजवळ असाल तर दर पाव तासाला चर्चच्या घंटा. झोप सावध असेल तर मागची बागेकडची घ्या, व्ह्यू बाहेर पडल्यावर फुकटच आहे. एसी सगळीकडे नसतो, जुलैत माळ्यावरच्या खोल्या तापतात, आणि जूनमध्ये रात्री दहाला उजेड असतो म्हणून लहान मुलं झोपत नाहीत हेही लक्षात असू द्या. तिघं एका खोलीत ही सवय इथे चालत नाही, एक्स्ट्रा बेडला जागाच नसते.

बाथरूम छोटं, बादली-मग नाही. अंघोळीचं पाणी बाहेर सांडू देऊ नका, खाली लाकडी जमीन आहे आणि ते खालच्याच्या छतातून गळतं. खोलीत उदबत्ती, निरांजन, इंडक्शन काहीही नको. नळाचं पाणी बिनधास्त प्या. आपली तीन पिनांची प्लग तिथे बसत नाही, अडॅप्टर न्या.

ब्रेकफास्टला ब्रेड, चीज, अंडी आणि बटर लावलेल्या ब्रेडवर चॉकलेटचे दाणे, हे तिथे मोठी माणसंही खातात, मुलं तर खूश. पक्के शाकाहारी असाल तर चीज विचारून घ्या, पारंपरिक चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट (दूध गोठवणारा पदार्थ) असतं.

पैशाचं: शहराचा टुरिस्ट टॅक्स 2024 पासून 12.5 टक्के आहे. व्हॅट सोडून भाडं 200 युरो असेल तर वर 25 युरो, रोजचे. साइटवर दिसणाऱ्या भाड्यात तो कधी धरलेला असतो कधी नसतो, आमच्या कोटेशनमध्ये वेगळी ओळ असेल.

चेक-इन साधारण दुपारी तीनला आणि आपली फ्लाइट बहुतेक वेळा सकाळी पोचते, तर बॅग हॉटेलवर टाकून बाहेर पडा. स्किपोल विमानतळाहून सेंट्रल स्टेशनला ट्रेनने पंधरा-सतरा मिनिटं, पुढे ट्राम, त्यात कॅश चालत नाही, कार्ड टॅप करायचं, चढताना आणि उतरतानाही. अ‍ॅन फ्रँकचं घर बघायचं असेल तर तिकीट फक्त ऑनलाइन, दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरची तिकिटं सुटतात आणि पटापट संपतात, त्यामुळे तारखा ठरल्या की हॉटेलच्या आधी तेच कळवा. रात्री उशिरा पोचणार असाल तर तेही सांगा, छोट्या हॉटेलात रिसेप्शन रात्रभर उघडं नसतं, दाराचा कोड आधी मागवून ठेवावा लागतो.