एचआयव्ही, आतड्यातले जिवाणू आणि प्रोबायोटिक: कॅप्सूल सुरू करण्याआधी वाचा

आमची प्रोबायोटिक, म्हणजे हितकारक जिवंत जिवाणूंची किंवा यीस्टची, कॅप्सूल हे एचआयव्हीवरचे औषध नाही. विषाणूला रोखतात त्या एआरटीच्या (एचआयव्हीविरोधी उपचाराच्या) गोळ्या. कॅप्सूल सुरू केली म्हणून त्यातली एकही गोळी चुकवू नका.

मग आतड्याचा संबंध काय? एचआयव्ही ज्या सीडी४ पेशींमध्ये (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींमध्ये) शिरतो, त्या आतड्याच्या अस्तरात दाटीने असतात. लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच त्या तिथून झपाट्याने घटतात. रक्ततपासणीतला आकडा तेवढा पडलेला नसतो. त्यांतल्या टीएच१७ पेशी अस्तर शाबूत ठेवतात. त्या कमी झाल्या की अस्तर झिरपू लागते आणि जिवाणूंचे तुकडे, मुख्यतः लिपोपॉलिसॅकराइड, रक्तात उतरतात. प्रतिकारशक्ती मग सतत चेतलेली राहते. एआरटीने व्हायरल लोड (रक्तातले विषाणूंचे प्रमाण) दबतो, रक्तातल्या सीडी४ वाढतात, पण आतडे अनेकदा पुरते सावरत नाही. उपचार लवकर सुरू करणे म्हणूनच महत्त्वाचे.

प्रोबायोटिकच्या चाचण्या बहुतेक लहान आहेत. काहींत दाह दाखवणारे घटक कमी झाले, काहींत फरक दिसला नाही. ‘सीडी४ वाढवते’ असे आम्ही पाकिटावर छापत नाही, ते याचसाठी.

घेताना वेळा सांभाळा. एआरटीतले डोल्युटेग्रेविर हे औषध चालू असेल तर पाकिटावरचे घटक आधी वाचा. काही प्रोबायोटिकमध्ये जस्त, मॅग्नेशियम, कॅल्शियम किंवा लोह मिसळलेले असते. हे धातू डोल्युटेग्रेविरला धरून ठेवतात आणि औषध रक्तात कमी पोचते. अशी कॅप्सूल किंवा अँटासिड घ्यायचे असेल तर डोल्युटेग्रेविर त्याच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर घ्या. फक्त कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल, तर दोन्ही जेवणासोबत एकत्र चालतात; उपाशीपोटी नको. को-ट्रायमोक्साझोलसारखे प्रतिजैविक चालू असल्यास त्यात आणि जिवाणूंच्या कॅप्सूलमध्ये किमान २ तास जाऊ द्या, नाहीतर जिवाणू पोटातच मरतात. सॅकरोमायसिस बोलार्डी हे यीस्ट आहे. त्याला प्रतिजैविक मारत नाही, पण फ्लुकोनाझोलसारखे बुरशीविरोधी औषध निकामी करते.

सीडी४ रक्ताच्या दर मायक्रोलिटरला २०० पेक्षा कमी असतील, मोठ्या शिरेत नळी बसवलेली असेल किंवा रुग्णालयात भरती असाल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतेही जिवंत प्रोबायोटिक घेऊ नका. क्वचित हेच जिवाणू किंवा यीस्ट रक्तात शिरून गंभीर संसर्ग होतो. अशांना विकण्यापेक्षा न विकलेले आम्हाला बरे वाटते.

योनीतल्या जिवाणूंबद्दलही विचारणा होते. गार्डनरेला जिवाणू टेनोफोविर जेलमधले (एचआयव्हीची लागण टाळण्यासाठी योनीत लावायच्या जेलमधले) औषध मोडून टाकतो, त्यामुळे लॅक्टोबॅसिलस हे योनीतले हितकारक जिवाणू कमी असलेल्या स्त्रियांना जेलचे संरक्षण कमी मिळाल्याचे दक्षिण आफ्रिकेतल्या चाचणीत दिसले. हे जेलपुरते आहे. प्रतिबंधासाठी तोंडाने घ्यायच्या गोळ्या या भीतीने सोडू नका.

डबी ओलाव्यापासून आणि उन्हापासून दूर ठेवा, कॅप्सूल गरम पेयासोबत घेऊ नका. पहिले काही दिवस पोट फुगू शकते. जुलाबात रक्त पडले, ताप आला किंवा जुलाब ३ दिवसांपुढे गेले, तर कॅप्सूल थांबवा, एआरटी चालू ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.