जंतांवरची झाडपाल्याची औषधं: पुरावा कशाचा होता?

चरकसंहितेच्या विमानस्थान या विभागात कृमींवर (जंतांवर) तीन उपाय सांगितले आहेत: अपकर्षण (बाहेर काढणे), प्रकृतिविघात (त्यांना मानवणारी परिस्थिती मोडणे) आणि निदानपरिवर्जन (कारण टाळणे). पहिला उपाय किती महत्त्वाचा, हे किरमाणी ओव्यावरून कळते.

किरमाणी ओव्याचे नाव ओव्याचे असले, तरी ती दवण्याच्या जातकुळीतली वनस्पती. तिच्या कळ्यांतून 1830 मध्ये सँटोनिन वेगळे काढले गेले. ते गोल जंताला लुळे करते, मारत नाही. म्हणून नंतर जुलाब द्यावाच लागे, नाहीतर जंत सावरून आतच राहत. मात्रा जरा चढली की रुग्णाला सगळे पिवळे दिसू लागे, लहान मुलांना झटके येत. 1950 च्या दशकात पायपरॅझिन हे जंतांवरचे नवे औषध आले आणि सँटोनिन मागे पडले.

खऱ्या ओव्यातल्या थायमॉलची गोष्टही अशीच. 1880 च्या सुमारास आल्प्समधल्या गोटहार्ड बोगद्याच्या मजुरांत हुकवर्ममुळे (आतड्याला चिकटून रक्त पिणाऱ्या जंतामुळे) रक्तक्षय पसरला होता. त्याच सुमारास इटलीत कामिल्लो बोझोलो यांनी हुकवर्मवर थायमॉल वापरले. पुढे अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या हुकवर्मविरोधी मोहिमेत ते सरसकट दिले गेले: रात्री हलके जेवण आणि जुलाबाचे मीठ, सकाळी थायमॉलचे दोन डोस, पुन्हा मीठ. त्या दिवशी तेल, तूप, दारू वर्ज्य, कारण त्यांत थायमॉल विरघळते आणि रक्तात जाऊन विषबाधा करते. प्रौढाला सुमारे 4 ग्रॅम लागत. 100 ग्रॅम ओव्यात साधारण 3 ग्रॅम तेल, त्यात निम्मे थायमॉल धरले, तर हिशेब पाव किलोच्या पुढे जातो. चिमूटभर ओव्याने पोटदुखी थांबेल, हुकवर्म नाही.

डाळिंबाच्या मुळाच्या सालीतले पेलेटिएरिन (1878) पट्टकृमीवर (फितीसारख्या चपट्या जंतावर) चालायचे, पण त्याने चक्कर येई, दृष्टी अधू होई. पळसबीतले पॅलासोनिन तर कातडीवर फोड आणणाऱ्या कँथरिडिनचे भावंड. थोडक्यात, ज्यांचा गुण पक्का ठरला, त्यांचीच औषधी मात्रा विषारी मात्रेला खेटून होती. म्हणूनच ती वापरातून गेली.

घरात टिकली ती वावडिंग. तिच्यातले एम्बेलिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, त्यामुळे बाळाला वावडिंगाचे पाणी देऊन जंत पडतील ही अपेक्षा फोल आहे. शिवाय बाजारात वावडिंग म्हणून दुसऱ्याच जातींची फळेही विकली जातात.

जंत पडला म्हणजे औषध लागू पडले असेही नाही. गोल जंत वर्ष-दोन वर्षे जगून आपोआपही पडतो. आधी आणि दोन-तीन आठवड्यांनी शौचातली अंडी मोजावी लागतात, शेजारी औषध न दिलेला गट हवा. नायजेरियात 2007 साली प्रसिद्ध झालेली चाचणी या कसोटीच्या जवळ जाते. 60 मुलांपैकी निम्म्यांना पपईच्या वाळलेल्या बियांचे मधातले मिश्रण 20 मिली, बाकीच्यांना नुसता मध. सात दिवसांनी बियांच्या गटात 76.7 टक्के मुलांच्या शौचात परजीवी उरले नाहीत, मधाच्या गटात 16.7 टक्के. फरक मोठा आहे, पण चाचणी लहान आणि मुदत अपुरी. जंतांवरच्या नेहमीच्या औषधाशी, म्हणजे 400 मिलिग्रॅम अल्बेंडाझोलशी, तिथे तुलना झालेली नाही.