डोक्यावर हाताला लागणारा खळगा, आणि त्यामागची जुनी भीती

वडिलांचं दहाव्याचं करायला आम्ही चांदोदला गेलो होतो, बडोद्यातली बरीच मराठी घरं या कामाला नर्मदाकाठी तिथेच जातात, आणि घाटावर डोकं करताना न्हाव्याचा वस्तरा मागे एका जागी थांबला. "नानपणमां पड्या'ता, भाई?" त्याने विचारलं. मी कधी पडल्याचं मला तरी माहीत नव्हतं. बोट लावून बघितलं तर टाळूच्या मागे, जरा उजवीकडे, भांड्याला पोचा यावा तसा खळगा, अंगठ्याचं टोक आरामात बसेल एवढा. त्या दिवशी बाकीच्या गडबडीत विसरलो, पण तेरावं झाल्यावर रोज रात्री हात तिथेच जायला लागला, कालच्यापेक्षा खोल झालाय का, कडा वाढल्यात का, आणि तीन आठवडे धड झोप नाही. शेवटी डॉक्टरकडे गेलो, ते पुढे सांगतो. पण या निमित्ताने ही भीती मुळात आली कुठून हे वाचत गेलो, ते इथे लिहून ठेवतोय, कारण आत्ता कुणीतरी असाच डोक्याला बोट लावून बसलेलं असणार.

आपल्याकडे तर याची सुरुवात पाळण्यापासून होते. बाळाच्या कवटीची हाडं जन्मताना जुळलेली नसतात, बाहेर येताना ती एकमेकांवर सरकतात म्हणूनच डोकं सुटतं, आणि पुढची टाळू भरायला साधारण वर्ष-दीड वर्ष लागतं. म्हणून आपल्या आज्या टाळूवर तेल थापायच्या, डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी करायच्या (आताचे बालरोगतज्ज्ञ तान्ह्याला कुठलीच उशी नको म्हणतात, ते ऐकावं). आणि त्यांची सगळ्यात मोठी धास्ती म्हणजे टाळू खोल जाणं. ही धास्ती शंभर टक्के खरी होती. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं की बाळाची टाळू आत बसते. फरक एवढाच की तेव्हा उपाय टाळूवर करायचे आणि दुखणं पोटात असायचं. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ होती, सलाइन संपत आलं होतं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखर-सोड्याचं पाणी लोकांना तोंडानेच पाजायला सुरुवात केली, आणि ३० टक्क्यांच्या घरातला मृत्युदर चार टक्क्यांच्याही खाली आला. आज मेडिकलमध्ये मिळणारी ओआरएसची पुडी घराघरात पोचायला त्या कामाचा फार मोठा हात आहे. म्हणजे डोक्यावरचा खळगा जीवघेणा असू शकतो हे आपल्या रक्तात आहे ते उगाच नाही, फक्त ते तान्ह्या बाळाचं आहे आणि आपण ते चाळिशीतल्या डोक्याला लावतो.

दुसरा धागा युरोपातला. १७९६ च्या सुमारास व्हिएन्नात फ्रान्झ जोसेफ गाल नावाच्या डॉक्टरने व्याख्यानं द्यायला सुरुवात केली की मेंदूत प्रत्येक गुणाची वेगळी जागा आहे, असे २७ गुण, आणि कवटी त्या त्या जागी वर येते किंवा आत जाते. उंचवटा म्हणजे तो गुण जास्त, खळगा म्हणजे कमी. पुढे याचं खूळ इंग्लंड-अमेरिकेत पसरलं, कलकत्त्यापर्यंत आलं. हे सगळं मुळातच चूक, कारण कवटीच्या हाडाला बाहेरचा आणि आतला असे दोन थर असतात, मध्ये स्पंजासारखं हाड, आणि त्याची जाडी जागोजागी बदलते, त्यामुळे बाहेरून खळगा म्हणजे आत मेंदू दबलाय असं अजिबात नाही. २०१८ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी हजारो लोकांच्या एमआरआयवर गालचे दावे तपासले, एकही टिकला नाही. पण "डोक्यात काहीतरी कमी आहे" ही जी बारीक कळ बोट लावताना येते ना, ती मला वाटतं तिथूनही आलीय.

कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये सयाजीरावांनी आणवलेली इजिप्तची ममी आहे, लहानपणी तिच्यासमोर आम्ही श्वास रोखून उभे राहायचो. आता वाचताना कळलं की या प्रश्नाचा एक पदर थेट इजिप्तच्या अशा कवट्यांमध्येच आहे. कैरोत शरीररचना शिकवणाऱ्या ग्राफ्टन इलियट स्मिथ यांना जुन्या इजिप्शियन कवट्यांमध्ये दोन्ही बाजूंची हाडं सारखीच पातळ होऊन खोलगट झालेली दिसली, १९०७ मध्ये त्यांनी त्यावर लिहिलं आणि कारण धरलं ते बड्या घरच्या लोकांचे जड केसांचे टोप. पुढे तसेच खळगे टोप न घालणाऱ्या म्हाताऱ्या माणसांत, विशेषतः बायकांत दिसले, आतला थर शाबूत आणि बाहेरचा झिजलेला, बऱ्याचदा सोबत हाडांचा ठिसूळपणा. हेडफोनने कवटी दबते म्हणून घाबरणाऱ्या पोरांना हे सांगायला हवं, दबतात ते केस आणि कातडी, हाड नाही.

आणि माझ्या मते या भीतीचं खरं कारण याहून साधं आहे. पूर्वी शेंडी ठेवून बाकी डोकं दर काही दिवसांनी होत असे, त्यामुळे कुणाच्या डोक्याला कुठे उंचवटा, कुठे खोलगट, हे घरच्यांना आणि न्हाव्याला पाठ असायचं. मग आपण केस वाढवले आणि डोकं झाकलं गेलं. आता पस्तिशीत केस विरळ होतात, पोरं दांडिया बाजारात झिरो मशीन मारून येतात, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या कवटीची गाठ पडते. खळगा जुनाच असतो, सापडतो नवा.

डॉक्टरांनी टेबलावरची प्लास्टिकची कवटी हातात दिली आणि शिवणी दाखवल्या, जिथे हाडं जुळतात तिथे कित्येकांना घळ लागते. मग प्रश्न विचारले, मार लागलाय का, दुखतं का, बोटाला मऊ किंवा धडधडतं लागतं का, वरची कातडी आक्रसून केस गेलेत का (तलवारीचा वार पडल्यासारखी रेघ उमटणारा एक कातडीचा आजार असतो), वजन उतरलंय का, डोकेदुखी, नजर. यातलं एकही असेल तर थांबायचं नाही, कारण क्वचित हाड पोखरणारे कॅन्सरही असतात आणि ते सीटी स्कॅनवर कळतं. मला यातलं काहीच नव्हतं, तर म्हणाले जुने फोटो शोधा.

आईने ट्रंकेतून माझ्या जावळाचा फोटो काढला. आत्याच्या मांडीवर मी, पाठमोरा, नुकतं केलेलं डोकं तेलाने चकाकतंय, आणि उजवीकडे टाळूच्या मागे त्याच जागी सावली पडलीय. "अरे, मी तिथे रोज तेल जिरवायचे," आई म्हणाली. डॉक्टरांनी तो फोटो पाहिला, खळग्याची लांबी-रुंदी पट्टीने मोजून तारखेसकट फाइलवर लिहिली आणि सहा महिन्यांनी परत दाखवायला सांगितलं.