कडक शिक्षक आणि जाचक शिक्षक: एकाच शब्दात गुंडाळलेली दोन माणसं

शाळा सोडून बरीच वर्षं झालेली माणसं एकत्र जमली की कुणीतरी म्हणतंच, "आमचे सर फार कडक होते." बाकीचे माना डोलावतात. पण हे वाक्य दोन अगदी वेगळ्या शिक्षकांबद्दल बोललं जातं. एक, ज्यांनी घोटून घेतलं म्हणून तो विषय आजही हातात बसला आहे. दुसरे, ज्यांचं नाव निघालं की आजही पोटात गोळा येतो. दोघांना 'कडक' म्हटलं की पहिल्यांवर अन्याय होतोच, पण त्याहून मोठा अन्याय दुसऱ्यांच्या वर्गात बसलेल्या मुलावर होतो. त्याला झालेल्या इजेला शिस्त असं नाव मिळतं, आणि मग ती इजा आहे हे तो स्वतःलाही सांगू शकत नाही.

बाहेरून पाहून फरक कळत नाही. दोन्ही वर्गांत शांतता असते, दोन्हीकडे गृहपाठ झालेला असतो, दोघांचाही आवाज चढतो. मुख्याध्यापकांनी दारातून डोकावलं तर ते दोघांनाही शाबासकी देतील.

फरक दिसतो तो चूक झाल्यावर. फळ्यावर गणित आहे: ७ − (४ − २). मुलगी कंस सोडवते, आतलं चिन्ह बदलायला विसरते, ७ − ४ − २ असं लिहिते आणि उत्तर १ काढते. कडक बाई म्हणतात, "चूक. दुसरी ओळ पुन्हा वाच. कंसाच्या बाहेर काय आहे? वजा. मग आतल्या दोनचं काय व्हायला हवं?" मुलगी गप्प. बाई थांबतात. "बरोबर येईपर्यंत जागेवर जायचं नाही. आणि अशीच पाच उद्या करून आणायची." मुलीचे कान लाल झालेत, या क्षणी तिला बाई मुळीच आवडत नाहीत. पण तिच्यासमोर फळ्यावरची दुसरी ओळ आहे आणि ती दुरुस्त करता येते. थोड्या वेळाने ती अधिक दोन करते, उत्तर ५ येतं, बाई "बस" म्हणतात.

जाचक बाई त्याच चुकीवर म्हणतात, "एवढंही येत नाही? तुझा भाऊ तरी बरा होता. बघा रे हिचं गणित." वर्ग हसतो. दुसऱ्या ओळीचा विषयच निघत नाही. मुलगी जागेवर जाऊन बसते, पण १ हे उत्तर का चुकलं हे तिला कळलेलं नसतं. त्या तासाला तिला एकच गोष्ट पक्की समजते, ती म्हणजे आपण कशा आहोत.

मानसशास्त्रात अपराधीपणा आणि लाज या दोन भावना वेगळ्या धरतात. 'मी चुकीचं केलं' ही पहिली, 'मीच चुकीचा आहे' ही दुसरी. मानसशास्त्रज्ञ जून टँगनी यांच्या अनेक वर्षांच्या संशोधनातून दिसतं, की पहिली भावना माणसाला सहसा चूक निस्तरायला लावते, तर दुसरी लपायला किंवा दुसऱ्यावर ढकलायला. कडक शिक्षकाच्या हाताखाली मूल चूक दाखवायला शिकतं, कारण दाखवली की ती सुटते. जाचक शिक्षकाच्या हाताखाली ते चूक झाकायला शिकतं. नोकरीत हिशेबातली गफलत वरिष्ठांना सांगण्याऐवजी आठवडाभर पोटात ठेवणारा हुशार माणूस अनेकांनी पाहिला असेल. त्याला सगळे बेजबाबदार म्हणतात. मला वाटतं, पुष्कळदा तो फक्त पूर्वी शिकलेला धडा गिरवत असतो.

दुसरी खूण म्हणजे अंदाज. कडक शिक्षकाचे नियम नकोसे वाटले तरी ठरलेले असतात. वही अपुरी असेल तर काय होणार हे माहीत असतं, आणि ते सगळ्यांना सारखं लागू असतं. जाचक शिक्षकाच्या वर्गात मुलं आधी चेहरा वाचतात. सर दारातून आत येताना पुस्तक टेबलावर ठेवतात की आपटतात, यावर पुढचा तास ठरतो. काल ज्या उत्तरावर "शाबास" मिळालं, त्याच उत्तरावर आज "जास्त शहाणपणा नको" ऐकावं लागतं.

म्हणजे आपण काय करतो यावर काहीच अवलंबून राहत नाही. असं झालं की काय होतं, याचा अभ्यास मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी १९६७ साली प्राण्यांवर केला होता. काहीही केलं तरी टळत नाही अशा त्रासातून गेलेली कुत्री पुढे सुटकेची वाट मोकळी असतानाही बरेचदा निपचित बसून राहत. तेव्हा त्यांनी मांडलं की ही हतबलता शिकलेली असते. जवळजवळ पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, मेंदूवरच्या नव्या संशोधनाच्या आधारे दोघांनी स्वतःचाच सिद्धान्त उलटा केला. दीर्घ त्रासात गप्प पडून राहणं हा मेंदूचा मूळचाच प्रतिसाद असतो, शिकावं लागतं ते 'माझ्या करण्याने फरक पडतो' हे. मला हा बदल फार मोलाचा वाटतो, कारण चांगला कडक शिक्षक नेमकं हेच शिकवत असतो. मेहनत केली की उत्तर सुटतं आणि बाई "बस" म्हणतात, हा अनुभव तो मुलाला शंभर वेळा देतो. जाचक शिक्षक तो एकदाही देत नाही.

भीतीने मूल निदान अभ्यास तरी करतं, असं म्हणतात. पाठांतरापुरतं ते काही अंशी खरंही असेल. पण विचार करावा लागणाऱ्या कामात भीती आड येते. मार्क अ‍ॅशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क यांनी २००१ मध्ये दाखवलं, की गणिताची धास्ती असलेल्यांची कार्यकारी स्मृती, म्हणजे आकडे तात्पुरते डोक्यात धरून ठेवण्याची जागा, गणित करताना त्या काळजीनेच अडते. हातचा धरायलाही डोक्यात जागा लागते, आणि ती 'आता काय बोलतील' या विचाराने भरलेली असते. मूल चुकतं, बोलणी खातं, आणखी धास्तावतं. शिक्षकाला मात्र दरवेळी आपलंच मत खरं ठरल्यासारखं वाटतं.

वर्षानुवर्षं राहतं ते असं. माणूस त्या विषयापासून लांब राहतो आणि 'मला त्यात रसच नव्हता' असं स्वतःला सांगतो. "तू नुसते ओठ हलव, आवाज काढू नकोस" असं एकदा ऐकलेली व्यक्ती पुढे कधीच चारचौघांत गात नाही. बैठकीत शंका मनात येते, पण हात वर जात नाही. "जरा माझ्या केबिनमध्ये या" एवढ्यावर छातीत धडधड सुरू होते, मग बोलावणं कौतुकासाठी का असेना. कुणी प्रत्येक काम चार-चार वेळा तपासत बसतं, तर कुणी अपुरं ठरण्यापेक्षा सुरूच करत नाही. आणि यासाठी स्वतःलाच बोलणी बसलेली असली पाहिजेत असंही नाही. शेजारच्या बाकावरच्या मुलाचा रोज पाणउतारा होताना पाहणारं मूलही तेच शिकतं. वर त्याला हसावंही लागलेलं असतं, आणि ते हसणं त्याला मोठेपणी टोचतं. या साक्षीदार मुलांबद्दल फारच कमी बोललं जातं.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "आम्हीही मार खाल्ला, आमचं काय बिघडलं? उलट घडलो." हे प्रामाणिकपणे बोललं जातं, म्हणून प्रामाणिकपणेच तपासायला हवं. एक तर, जे मोडले ते शाळेच्या मेळाव्याला येत नाहीत, त्यामुळे तिथे फक्त टिकलेल्यांच्याच गोष्टी ऐकू येतात. दुसरं कारण जास्त फसवं आहे. डॅनियल काहनेमन, ज्यांना २००२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, इस्रायलच्या हवाई दलातल्या प्रशिक्षकांना शिकवत होते. शिक्षेपेक्षा कौतुकाने माणूस जास्त शिकतो, असं त्यांनी सांगताच एका अनुभवी प्रशिक्षकाने हरकत घेतली: एखाद्याने उत्तम कसरत केली आणि मी कौतुक केलं की पुढच्या वेळी तो बिघडवतो, आणि वाईट केल्यावर ओरडलो की सुधारतो. प्रशिक्षकाचं निरीक्षण खरं होतं, निष्कर्ष चुकीचा. फार चांगल्या कामगिरीनंतरची कामगिरी सहसा थोडी उतरते आणि फार वाईट कामगिरीनंतरची थोडी चढते, कुणी काही बोलो वा न बोलो. कामगिरी आपल्या सरासरीकडे परत येत असते. नेहमी साठ गुण मिळवणाऱ्या मुलाला एकदा पस्तीस पडले, तर पुढच्या वेळी ते वाढण्याचीच शक्यता जास्त. मधल्या काळात शिक्षकाने छडी मारली असेल तर श्रेय छडीला जातं. अशा प्रकारे आयुष्यभर रोज पुरावा मिळत असल्यासारखा वाटणारा शिक्षक वाईट मनाचाच असतो असं नाही. त्याला खरोखर वाटतं की हेच लागू पडतं.

म्हणून उपाय मऊपणा आहे का? मला तसं वाटत नाही, आणि संशोधनही तसं सांगत नाही. कॅरल ड्वेक यांनी १९७५ मध्ये अपयश आलं की हातपाय गाळणाऱ्या मुलांवर प्रयोग केला. एका गटाला फक्त यशच मिळेल अशी गणितं दिली. दुसऱ्या गटाला अधूनमधून अपयशही येऊ दिलं आणि 'प्रयत्न कमी पडला' असं स्पष्ट सांगितलं. पुढे अवघड गणित समोर आल्यावर पहिला गट पुन्हा कोलमडला, दुसरा टिकून राहिला. चूक दाखवायलाच हवी. त्याच साली जुडिथ क्लाइनफेल्ड यांनी अलास्कातल्या आदिवासी मुलांच्या शिक्षकांबद्दल लिहिलं. त्यांना सर्वांत परिणामकारक दिसले ते शिक्षक मनाने जिव्हाळ्याचे होते, पण कामात सूट देत नव्हते.

मधला प्रदेश मात्र आहे, आणि तो नाकारून चालणार नाही. एकच शिक्षक पहिल्या बाकांसाठी कडक आणि शेवटच्या बाकांसाठी जाचक असू शकतो, म्हणून एकाच वर्गातले दोन मित्र त्याच्याबद्दल भांडतात आणि दोघेही खरं बोलत असतात. काहींनी विषय उत्तम शिकवला आणि मनही मोडलं. अशा सरांबद्दल कृतज्ञता वाटली म्हणून जखम खोटी ठरत नाही, आणि राग आला म्हणून कृतघ्नपणाही होत नाही. मोठ्या वयात तो टाळलेला विषय दुसऱ्या कुणाकडून नव्याने शिकून पाहिलेली माणसं आहेत, आणि 'मला येत होतं' हे कळल्यावर त्यांना आनंदाआधी रडू येतं. जुन्या प्रसंगांनी झोप उडत असेल किंवा काम अडत असेल, तर समुपदेशकाकडे जाण्याइतकी ती गोष्ट मोठी आहे. 'एवढ्याशा कारणासाठी' असं म्हणू नये.

आई-वडिलांनी "सर कडक आहेत का?" असं विचारून उपयोग नाही, दोन्हीकडे उत्तर 'हो' येईल. "तुझं चुकलं की सर काय करतात?" असं विचारावं. मूल "परत करायला लावतात" म्हणालं, तर कुरकुर ऐकून घ्यावी आणि निश्चिंत राहावं. ते गप्प झालं, किंवा "माझं चुकतच नाही" असं घाईने म्हणालं, तर वही घेऊन शेजारी बसावं आणि पुन्हा, वेगळ्या दिवशी, विचारावं.

आणि शिकवणाऱ्यांसाठी: चाळीस मुलांपुढे रोज उभं राहणाऱ्या माणसाच्या तोंडून कधीतरी नको ते निघतं. त्या एका वाक्याने कडक शिक्षक जाचक होत नाही. पण पाणउतारा सगळ्यांसमोर झाला असेल तर दुरुस्तीही सगळ्यांसमोरच करावी लागते. मुलाला नंतर बाजूला घेऊन गोड बोलल्याने ते वाक्य वर्गातून पुसलं जात नाही. दुसऱ्या दिवशी हजेरी झाल्यावर, त्या मुलाकडे बघून, "काल मी तुला जे बोललो ते चुकीचं होतं. तुझं गणित चुकलं होतं, तेवढंच. ये, ते पुरं करू," एवढं म्हणून त्याच्या हातात खडू द्यावा.